गादीतल्या गोळ्या

मंगळवार, ४ मार्च

जुनी वही संपली. आजपासून ही. हे होते तेव्हा वहीची गरज नव्हती. दुपारी जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, नव्या गादीवर आडवं व्हायचं, मी बोलायचं आणि ह्यांनी घोरायचं. पण घोरणारा माणूससुद्धा श्रोताच असतो. आता वही. ती घोरत पण नाही.

आज एक नवं जोडपं आलं डबल गादीला. पोरीची नजर फरशीवर, पोराची पंख्यावर. मी म्हटलं, "आमची गादी दहा वर्षं टिकते बरं का. पण तुमच्या वयाच्यांना मी पाचच सांगते." पोरगी फिस्सकन हसली. पोरगा लालबुंद. आमच्या घुम्यानं मात्र खाडकन पिंजायचं मशीन बंद केलं आणि मागं निघून गेला. घुम्या म्हणजे माझा एकुलता एक. लहानपणापासून बोलायचे पैसे पडतात असा वागतो. कोणावर गेलाय कोण जाणे, माझ्यावर तर नाही.

खोळ शिवताना दाभण बोटात घुसलं. चिंधी शोधायला सुनेचं कपाट उघडलं तर साड्यांच्या घडीत मलमाची नळी. वरती सगळं इंग्रजी. माझी शाळा सातवीपर्यंत, ती पण गावची, मास्तर शेतावर गेले की सुट्टी. म्हटलं मलम ते मलम. लावलं. दहा मिनिटांत बोट असं बधिर, की कोणा दुसऱ्याचं बोट माझ्या हाताला जोडलंय. वा गं सूनबाई! सासूची बोटं चाळण झाली आणि तू असलं अमृत साड्यांत लपवतेस. आता मी रोज लावणार. बघू तिला कळतं का.

रविवार, ९ मार्च

कॅलेंडर भिंतीवरून पडलं, मागून एक चिठ्ठी निघाली. घुम्याचं अक्षर. "थांबायचं. तीस मोजायचे. परत सुरू. परत थांबायचं. असं तीनदा. घाई नाही. श्वास." पाठीचा व्यायाम असणार. गठ्ठे उचलून पाठ धरलीय त्याची, पण आईला सांगेल तर शपथ. आहे तशी परत ठेवली.

दर गुरुवारी दोघं शहरात जातात, दाताच्या डॉक्टरकडे. दीड महिना झाला. एवढ्यात मगरीचे दात झाले असते. काल म्हटलं, "आ कर बघू." तर उठून गेला.

मी गप्प बसत नाही हे खरं. जेवताना म्हटलं, "तीन वर्षं झाली लग्नाला. रस्त्यावरच्या मांजरीची तिसरी वेळ झाली, आमचा पाळणा अजून हलत नाही." मग तो भराभर जेवायला लागला तर म्हटलं, "ह्याला सगळ्याचीच घाई. खोळ शिवतो तर घाई, जेवतो तर घाई. सूनबाई, तुझं कसं निभतं गं ह्याच्याशी?"

सुनेचा हात वाढता वाढता थांबला. घुम्या ताटावरून उठला.

माझ्या विनोदाला पूर्वी आख्खी गल्ली हसायची. ह्या घरात हसू दिवसेंदिवस महाग होत चाललंय.

शुक्रवार, १४ मार्च

आज अक्षर वाकडं येईल.

दरवर्षी उन्हाळ्याआधी मी घरच्या गाद्या उसवून कापूस पिंजून घेते. दोघं दुकानात होते. म्हटलं वरची त्यांची गादी मीच काढते. उसवायला कोपरा धरला आणि थांबले. तो टाका माझा नव्हता.

टाका मला ओळखू येतो. लोक अक्षर ओळखतात तसा. माझा लांब आणि तिरका. घुम्याचा घाईचा, कुठं सैल कुठं घट्ट. आणि हा आखूड, दुहेरी, मुंगीच्या रांगेसारखा. सुनेचा. मीच शिकवलाय तिला.

उसवलं तर आत कापडाचा खिसा. खिशात गोळ्यांच्या तीन पट्ट्या. एकीतल्या बऱ्याच संपलेल्या. बारक्या, पांढऱ्या. रोजची एक.

कळलं मला. तीन वर्षं पाळणा का हलत नाही ते कळलं. ही रोज रात्री गोळी खाते मूल राहू नये म्हणून, आणि लपवते कुठं, तर मी भरलेल्या गादीत! तिच्यावर झोपून माझा पोरगा पोराची वाट बघतोय.

पट्ट्या मागच्या गटारात फेकल्या. काठीनं ढकलल्या खाली.

शनिवार, १५ मार्च

काल घरात कोणाला बोलले नाही, पण पोटात राहीना. सकाळी शेजारणीला सांगितलं. तिला सगळे भोंगा म्हणतात. काही सांगायचं असेल तर पेपरात द्यायची गरज नाही. मी फक्त विचारलं, "रोज एक बारकी गोळी, लपवून, म्हणजे कशाची गं?" ती म्हणाली, "अगं बाई, त्याच! दुसऱ्या कशाच्या असतात?"

दुपारपर्यंत नळावर चर्चा.

संध्याकाळी सुनेला समोर बसवलं. "गादीत काय होतं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. एकदा घुम्याकडं बघितलं. तो दाराशी पाठमोरा होता, मान खाली.

"माझ्याच होत्या," ती म्हणाली.

"कशाच्या?"

"तुम्ही म्हणताय त्याच्याच."

मी बोलले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. पट्ट्या गटारात टाकल्या हे मात्र सांगितलं नाही. घुम्या वळला, तोंड उघडलं. ती पटकन म्हणाली, "तुम्ही नका काही बोलू. मी जाते काही दिवस." पिशवी भरली आणि शेवटची बस धरली. तो बस-स्टॉपपर्यंत पण गेला नाही.

मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल.

मंगळवार, १८ मार्च

घुम्याला बरं नाही. सारखी भोवळ येते. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं म्हणतो. मळमळतं. काल मशीनपाशी उभा राहून रडत होता. कापूस डोळ्यात गेला म्हणाला. मी त्याला जन्म दिलाय, कापसाचं पाणी आणि डोळ्यातलं पाणी मला कळतं.

माझी पक्की खात्री, जायच्या आधी तिनं ह्याला काहीतरी खायला घातलं. भोंग्याला पण तसंच वाटतं.

सबंध खोली उलथीपालथी करत होता. उश्या दाबून बघितल्या, कपाट उपसलं. काय शोधतोस विचारलं तर म्हणाला, "तिनं जाताना सगळं नेलं. बरोबर केलं तिनं."

मी म्हटलं, "दागिने आहेत रे कपाटात. काही नेलं नाही." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी परक्या भाषेत बोलले.

गुरुवार, २० मार्च

आज माळ्यावरून पडला. कापसाच्या गठ्ठ्यावर पडला म्हणून वाचला. गल्लीतल्या दोघांनी रिक्षात घातला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कसली गोळी चालू होती का? मधेच बंद केली?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "नाही."

डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, हातात चिठ्ठी. औषधाच्या दुकानाकडं न वळता त्यानं ती चुरगाळून बाकाखाली टाकली. मी म्हटलं, "अरे औषध?"

"कोणासाठी घेऊ आता?"

चिठ्ठी मी उचलली. वरचा नावाचा तुकडा फाडून टाकला. माझ्या पोराचं दुखणं औषधवाल्याच्या काउंटरवर कशाला.

घरी आलो तर सुनेच्या भावाचा निरोप. रविवारी टेम्पो घेऊन येतोय, बहिणीचं सामान न्यायला, आणि कायमचं काय ते बोलायला. घुम्या म्हणाला, "येऊ दे. तिला मोकळं करू."

"आणि तू?"

"माझं काय. माझ्याशी लग्न करून तिला काय मिळालं?"

दुकानातली मोठी कात्री मी माझ्या ट्रंकेत ठेवली, कुलूप लावून. का ठेवली ते लिहायचं धाडस नाही.

शनिवार, २२ मार्च

सकाळी औषधवाल्याकडं गेले. चिठ्ठी दिली आणि संपलेली मलमाची नळी पण दिली, म्हटलं हीसुद्धा एक दे, माझ्या बोटांना फार गुण आहे.

तो नळीकडं बघतो, माझ्याकडं बघतो. गेल्या वर्षी ह्याच्या लग्नाची गादी मीच शिवली, तेव्हा मी ह्याची चेष्टा केलेली. आता ह्याची पाळी.

"मावशी, ही बोटांना लावता?"

"दाभण टोचतं रे. बधिर होतात छान."

"बधिर करायचंच मलम आहे. पण लोक बोटांना नेत नाहीत." दुकानात दुसरं कोणी नव्हतं तरी तो वाकून हळू बोलला. "नवरा-बायकोत पुरुषाचं फार लवकर आटपतं ना, त्यासाठी. आधी थोडं लावायचं, मग पुसून काढायचं."

मी काउंटर धरलं.

"आणि ही चिठ्ठी?"

"ही पण त्याच घरची दिसते. मुळात मन खचलेल्यांची गोळी, पण ह्या तक्रारीवर पण देतात. दोन-तीन आठवडे रोज घ्यावी लागते तेव्हा गुण दिसतो. आणि एकदम बंद करायची नाही मावशी. भोवळ येते, डोक्यात झटके येतात, माणूस रडवेला होतो. कोणाची आहे?"

"भाच्याची. गावाकडं असतो."

"त्याला सांगा लाजू नको. किती जण येतात हो माझ्याकडं, माना खाली घालून. कोणी रस्त्यावरच्या पुड्या खाऊन पोट बिघडवून येतं, कोणी घटस्फोटापर्यंत जाऊन. तुमचा भाचा खऱ्या डॉक्टरकडं गेला, शहाणा आहे. गोळीबरोबर थांबायचं-मोजायचं पण शिकवतात दोघांना. बायको साथ देत असेल तर निम्मं काम तिथंच होतं."

थांबायचं. तीस मोजायचे. घाई नाही.

मी घरी कशी आले आठवत नाही. मशीनपाशी बसले आणि मनातल्या मनात एकेक टाका उसवत गेले. तिनं खिसा शिवला होता तो त्याच्यासाठी. माझ्यापासून लपवायला. कारण मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? विनोद केला असता. गिऱ्हाइकांसमोर केला असता. ताटावर बसून घाई-घाई म्हणून ओरडले ते तर केलंच.

आणि तिनं "माझ्याच" म्हटलं. गल्लीभर पोट न राहू देणारी बाई म्हणून नाव करून घेतलं आणि गेली, त्याच्या नावाला धक्का लागू दिला नाही. त्याला वाटतंय गोळ्या तिनं नेल्या, कंटाळून. तिला काय वाटत असेल कोण जाणे. आणि गोळ्या गटारात, माझ्या हातानं.

गोळ्यांचं पाकीट आणलंय. ब्लाउजमध्ये ठेवलंय. चहा घेऊन दोनदा त्याच्यापर्यंत गेले, पाकीट काढता आलं नाही. मी काय म्हणणार? "घे रे बाळा, मला सगळं माहीत आहे"? तो मरेल लाजेनं. न द्यावं तर असा मरेल.

उद्या भाऊ येणार. सुनेचं नाव साफ करायचं तर पोराचं नाव घ्यावं लागतं. पोराचं झाकायचं तर सून गेली. दिवसभर हाच पीळ. ह्यांना विचारलं असतं तर घोरले असते.

रविवार, २३ मार्च

झालं. लिहून टाकते.

टेम्पो दहाला आला. भाऊ, विहीणबाई, आणि त्यांच्यामागं सून. तिला कशाला आणली होती कोण जाणे, कदाचित सामान ओळखायला. आठवड्याभरात गाल बसलेत. गल्ली आपोआप गोळा झाली. भोंगा पहिल्या रांगेत, पोळपाट-लाटणं हातात घेऊन, म्हणजे कामातून आल्यासारखं दिसावं.

भाऊ पायरीवर उभा राहिला. "चार माणसांत आमच्या बहिणीची बदनामी केलीत. चार माणसांतच विचारतो. तिला विचारलं तर तोंड उघडत नाही. जावई, तुम्ही सांगा. त्या गोळ्या हिच्या होत्या?"

सून म्हणाली, "दादा, राहू दे ना. सामान घे."

"राहू दे कसं? तुझ्या पोटच्या मुलांना पण लोक ऐकवतील उद्या. बोला जावई!"

घुम्या भिंतीला टेकून होता. सगळी गल्ली त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं सुनेकडं बघितलं. ती मान हलवत होती, नाही, नाही. त्यानं ओठ ओले केले आणि म्हणाला, "नाही. तिच्या नव्हत्या. त्या गोळ्या..."

आवाज फाटला त्याचा. मला दिसलं, हा सांगणार. ह्या भोंग्यासमोर, पोळपाट-लाटण्यासमोर सांगणार, आणि मग ह्या गल्लीत मान वर करून कधीच चालणार नाही.

"माझ्या होत्या," मी म्हटलं.

सगळे वळले.

"माझ्या होत्या म्हटलं. मीच सुनेला सांगितलं होतं लपवायला. ती बिचारी माझी लाज राखायला गप्प बसली. आणि मी मेली उलटून तिच्यावरच ढकललं."

मग भोंगा म्हणाली, "तुमच्या? अहो पण... तुम्हाला कशाला लागतात त्या?"

"कशाला असतात ते तूच तर सांगितलंस ना मला? मग?"

"ह्या वयात?"

"वय विचारलंस, आता नाव विचारू नकोस. तेवढं नाही सांगणार."

कोणीतरी मागं खुसखुसलं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊ माझ्याकडं बघेना, पायरीकडं बघून म्हणाला, "असल्या बाईच्या घरात आम्ही आमची पोर ठेवायची? चल, टेम्पोत बस."

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं डाग मी घेतला की झालं. म्हटलं गेलं सगळंच.

सून हलली नाही. माझ्याकडं बघत होती. मग तिनं भावाच्या हातातली स्वतःची पिशवी काढून घेतली. "मी नाही येत दादा. सासूबाईंचं त्यांच्यापाशी. मला माझं घर आहे." पहिल्यांदा तिचा आवाज गल्लीला ऐकू गेला असेल.

टेम्पो रिकामा गेला. शटर मी पूर्ण ओढलं.

आत तिघंच. घुम्या म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"काल."

"मग गोळ्या कुठं गेल्या?"

"गटारात टाकल्या."

मग तो सुनेला म्हणाला, "मला वाटलं तू नेल्यास. कंटाळलीस."

ती म्हणाली, "आणि मला वाटलं मी गेले तर तुम्ही खुशाल असाल. रोज कोणी मोजायला नको, काही नको. तुम्ही स्टॉपवर पण आला नाहीत."

मी पाकीट काढून मधे ठेवलं आणि वर न जाता दुकानातच बसले. मला माफी मागायची होती. ह्या तोंडातून आजवर सगळं आलं, एवढंच नाही आलं.

शुक्रवार, २८ मार्च

चटके सुरू झाले. दोन गिऱ्हाइकांनी ऑर्डर परत घेतली. एकीनं सांगितलं, घरात लग्नाच्या मुली आहेत, तुमच्या हातची गादी नको. नळावर गेले की बोलणं थांबतं. भोंग्यानं अंदाज बांधायला घेतलेत. पहिला नंबर रिटायर पोस्टमनचा. तो काल काठी आपटत आला आणि दुकानासमोर ओरडून गेला की त्याचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. त्यानं उलट खात्रीच पटली सगळ्यांची.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या अंथरुणावरून विनोद केले. आता गल्ली माझ्या अंथरुणावरून करते. ठेच लागते. ह्यांचा फोटो भिंतीवर आहे, तिकडं बघायला कसंतरी होतं. त्यांना खरं माहीत असेल अशी आशा.

घुम्या माझ्याशी चार दिवस बोलला नाही. शिवीगाळ केली असती तर बरं. गोळी घेतो, भोवळ कमी आहे, रंग अजून उतरलेलाच. रात्री हसण्याबिसण्याचा आवाज नाही, भांडणाचा पण नाही. काय होणार आहे मला माहीत नाही.

काल गुरुवार. दोघं शहरात गेले, ह्या वेळी दाताचं नाव न काढता. संध्याकाळी सून माझ्याजवळ येऊन बसली, सुईत दोरा ओवत म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागेल. मधे खंड पडला ना."

खंड कोणी पाडला ते म्हणाली नाही.

आणि माझ्या जिभेवर आला. वेळ लागेल म्हणे! असा विनोद आला की आख्ख्या जन्मात असा आला नसेल. मी ओठ आवळले. गिळला. इथं पण लिहिणार नाही.

घुम्या कापूस भरत होता. त्यानं माझं तोंड बघितलं. चार दिवसांनी पहिल्यांदा म्हणाला, "बोल आता. नाही बोललीस तर पोट फुगेल तुझं."

सून खाली मान घालून दोरा ओवतच राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

बोलले असते तर रडले असते. त्याच्यापुढं गादीची मोकळी बाजू सरकवली आणि म्हटलं, "तू धर तिकडून. मी टाके घालते."

त्यानं धरली.